शिट्ट्या मोजा, मग उडवा : मॉडेल विमानाच्या ईएससीची सेटिंग्ज

"मामा, हे गातंय!"

भाचा आतल्या खोलीतून ओरडला. जाऊन बघतो तर टेबलावर त्याचं नवं फोमचं विमान, बॅटरी नुकतीच जोडलेली, रिमोटची थ्रॉटलची, म्हणजे मोटरचा जोर ठरवणारी, काडी पार खाली. मोटर फिरत नव्हती, सूर काढत होती. आधी दोन बीप, जरा वेळ शांत, मग पाच सुरांची एक धून, मग एक बीप, मग दोन, मग तीन. हा बिचारा काडी वर-खाली करत "सुरू हो, सुरू हो" म्हणत बसलेला. नशीब, पंखा अजून लावला नव्हता. त्या दहा मिनिटांत त्याने नकळत दोन सेटिंग्ज बदलून ठेवली होती, आणि कुठली ते त्यालाही सांगता येईना.

बिघाड काहीच नव्हता. विमानातला ईएससी त्याला सरळ प्रश्न विचारत होता आणि हा काडीने उत्तरं देत होता. फक्त आपण उत्तरं देतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. विजेवर उडणारं मॉडेल विमान नव्याने घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं पहिल्या आठवड्यात असं काहीतरी होतं. म्हणून हा ईएससी नेमका काय विचारतो आणि का विचारतो, ते नीट बघू.

ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. काडेपेटीहून जरा लांबट, चपटा, प्लॅस्टिकच्या आवरणात घट्ट गुंडाळलेला. एका बाजूने लाल-काळ्या दोन जाड वायर बॅटरीकडे जातात, दुसऱ्या बाजूने तीन वायर मोटरकडे. शिवाय रिसिव्हरकडे, म्हणजे रिमोटचे संदेश पकडणाऱ्या विमानातल्या डबीकडे, जाणारी एक बारीक तीनपदरी वायर. बॅटरीतून वीज एकाच दिशेने येते, पण ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेल्या, मोटरला ती तीन वायरींतून आळीपाळीने, ठरावीक क्रमाने द्यावी लागते. हे काम ईएससीतले मॉस्फेट नावाचे सहा इलेक्ट्रॉनिक स्विच करतात. मोठ्या ईएससीत एकेका जागी दोन-तीन जोडलेले असतात, पण जागा सहाच. कुठल्याही क्षणी तीनपैकी दोन वायरींतून प्रवाह जातो आणि तिसरी रिकामी असते. ही रिकामी वायर म्हणजे ईएससीचा कान. मोटरचं चुंबक त्या वायरीच्या वेटोळ्यासमोरून सरकलं की तिच्यात थोडा व्होल्टेज तयार होतो. तो व्होल्टेज मधली रेघ केव्हा ओलांडतो यावरून चुंबक कुठे पोचलं ते ईएससी ओळखतो आणि पुढची जोडी चालू करतो.

हे किती वेगाने चालतं? १००० केव्हीची मोटर घ्या. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. पंखा नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेऱ्या, तो हा आकडा. ११.१ व्होल्टवर ११,१०० फेऱ्या झाल्या. मोटरमध्ये १४ चुंबकं, म्हणजे सात जोड्या. एका फेरीत विजेची सात आवर्तनं आणि प्रत्येक आवर्तनात सहा पायऱ्या. गुणून बघा, सेकंदाला ७,७७० वेळा स्विच बदलायचे, आणि तेही दर वेळी आधी ऐकून. मोटर थांबलेली असेल तर मात्र ऐकायला काहीच नसतं. त्यामुळे सुरुवातीच्या दोन-चार पायऱ्या ईएससी अंदाजाने टाकतो. पंखा सुरू होताना जो हलका झटका दिसतो तो हाच.

म्हणजे ईएससीला कळतात त्या गोष्टी मोजक्याच: बॅटरीचा एकूण व्होल्टेज, रिकाम्या वायरीतला व्होल्टेज, स्वतःचं तापमान आणि रिसिव्हरकडून येणारा संदेश. पंखा मिटणारा आहे की साधा, मोटरमध्ये चुंबकं दोन की चौदा, बॅटरी भरलेली तीन सेलची की संपत आलेली चार सेलची, यातलं काहीही त्याला दिसत नाही. ते आपण एकदा सांगून ठेवायचं. सेटिंग-सेटिंग म्हणतात ते एवढंच.

आणि हे बीप? ईएससीत स्पीकर नसतो. तो मोटरच्या वेटोळ्यांतला प्रवाह कानाला ऐकू येईल अशा गतीने चालू-बंद करतो आणि मोटरच वाजवतो. मोटर न जोडता बॅटरी लावलीत तर ईएससी मुका राहील, आणि तुम्ही उगाच तो जळाला समजून नवा मागवाल. कुकरच्या शिट्ट्या मोजत वाढलेल्या आपल्या लोकांना ही भाषा अवघड जाऊ नये. आतून तिसरी शिट्टी ऐकून गॅस बंद करतो तसंच, फक्त इथे लांब आणि आखूड असा भेद ठेवायचा.

पंखा काढा

हे वेगळं लिहितोय, कारण लोक काढत नाहीत. दहा इंची पंखा मिनिटाला ८,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३८० किलोमीटरच्या आसपास भरतो. सेटिंग करताना काडी मुद्दाम पूर्ण वर न्यावी लागते, आणि ईएससीचा समज तुमच्यापेक्षा वेगळा असेल तर मोटर तेव्हाच पूर्ण वेगाने सुटते. एक नट सोडवायला अर्धा मिनिट लागतो. बोटाला टाके घालायला किती लागतो ते मला माहीत आहे.

काडीची दोन टोकं

रिसिव्हर ईएससीला सेकंदाला साधारण ५० वेळा एक छोटा विद्युत ठोका पाठवतो. ठोका १ मिलिसेकंदाचा असेल तर मोटर बंद, २ मिलिसेकंदाचा असेल तर पूर्ण जोर, आणि मधलं सगळं मधलं. हे झालं पुस्तकात. प्रत्यक्षात एखाद्या रिमोटची काडी १.१ पासून १.९ पर्यंतच जाते. मग दोन गोष्टी होऊ शकतात. काडी तळाला नेली तरी ईएससीला ती थोडी वरच वाटते, आणि सुरक्षेसाठी तो मोटर सुरूच करत नाही. नुसता भराभर बीप-बीप करत बसतो. किंवा काडी पूर्ण वर नेली तरी मोटर पूर्ण जोर लावत नाही, आणि टेकऑफला तुम्ही विमानाला शिव्या देता.

म्हणून नवा ईएससी आला किंवा रिमोट-रिसिव्हर बदलला की आधी ही दोन टोकं शिकवायची. रिमोटवर मॉडेल बरोबर निवडलंय ना, थ्रॉटलची ट्रिम, म्हणजे काडीची बारीक जुळणी, मध्यावर आहे ना, एवढं बघून घ्या. रिमोट चालू करा, काडी पूर्ण वर न्या, मग विमानाला बॅटरी जोडा. दोनेक सेकंदांत 'बीप-बीप' असे दोन आखूड सूर येतील, म्हणजे वरचं टोक कळलं. लगेच काडी पार खाली. आता सेल मोजल्याचे बीप: तीन सेलची बॅटरी असेल तर तीन. आणि शेवटी एक लांब सूर, म्हणजे खालचंही टोक कळलं. झालं. दोन मोटरींच्या विमानात दोन्ही ईएससींना हे एकाच रिमोटवर शिकवायचं, नाहीतर एक बाजू आधी जोर धरते आणि विमान धावपट्टीवरच वळतं.

भाच्याचं काय झालं होतं ते आता कळेल. रिमोट त्याने मित्राकडून उसना आणला होता आणि त्यात थ्रॉटलचं चॅनेल उलटं केलेलं होतं. फुटाबाच्या रिमोटवर थ्रॉटल असं उलटंच ठेवावं लागतं, इतर बऱ्याच कंपन्यांच्या रिमोटवर नाही. मित्राने का केलं होतं देव जाणे. काडी तळाला, पण ईएससीला दिसत होतं पूर्ण वर. 'बॅटरी जोडली तेव्हा काडी वर आहे, म्हणजे मालकाला माझ्याशी बोलायचंय', असा त्याने सरळ अर्थ घेतला, दोन बीप दिले, आणखी पाच सेकंद वाट पाहिली आणि सेटिंगचा मेनू उघडून दिला. पाच सुरांची धून ती हीच. रिमोटच्या मेनूत जाऊन चॅनेल सरळ केलं, टोकं पुन्हा शिकवली, प्रश्न मिटला. बदललेली सेटिंग्ज मात्र राहिली होती.

मेनू कसा वाजतो

इथून पुढे कंपनीगणिक फरक पडतो, तेव्हा तुमच्या ईएससीचं माहितीपत्रक जवळ ठेवा. मी हॉबीविंगच्या स्कायवॉकर मालिकेचा मेनू सांगतो. छोट्या फोमच्या विमानांत तो भरपूर दिसतो आणि बाकीच्या बऱ्याच स्वस्त ईएससींचा मेनू त्याच्या जवळपासच असतो.

पाच सुरांच्या धुनीनंतर ईएससी एकेक विषय वाजवत जातो. एक आखूड बीप: ब्रेक. दोन: बॅटरीचा प्रकार. तीन: बॅटरी संपत आली की मोटर कशी बंद करायची. चार: किती व्होल्टेजला बंद करायची. आता पाच बीप मोजत बसायला नको म्हणून एक लांब बीप म्हणजे पाच. तो मोटर सुरू होण्याचा प्रकार. लांब आणि एक आखूड, म्हणजे सहा: टायमिंग. लांब आणि दोन आखूड: सगळं मूळ सेटिंगवर. दोन लांब: बाहेर पडा. हव्या त्या विषयाचा सूर वाजला की तीन सेकंदांच्या आत काडी खाली. मग त्या विषयातले पर्याय एक, दोन, तीन बीपनी वाजतात. हवा तो वाजताच काडी वर, आणि एक वेगळी धून वाजून तो पक्का होतो. भाच्याच्या ईएससीवर मी आधी सातवा विषय निवडला आणि पाटी कोरी केली.

खरं सांगायचं तर ही काडीची कसरत मलाही आवडत नाही. प्रोग्रॅम कार्ड नावाची एक छोटी पट्टी मिळते. ती ईएससीच्या बारीक वायरीला जोडली की सगळी सेटिंग्ज दिव्यांनी समोर दिसतात आणि बटण दाबून बदलता येतात. फक्त तुमच्या ईएससीच्या मालिकेचंच कार्ड घ्या. पण मैदानावर कार्ड घरी विसरलेलं असतं, आणि तेव्हा शिट्ट्याच कामी येतात.

बॅटरी : इथे चूक महागात पडते

लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट असतो, सरासरी ३.७ धरतात, आणि ३ च्या खाली गेला की त्याची तब्येत कायमची बिघडायला लागते. फुगलेला पॅक बघितला असेल, तो बहुतेकदा अशाच उपासमारीतून फुगलेला असतो. म्हणून ईएससी व्होल्टेजवर लक्ष ठेवतो. स्कायवॉकरमध्ये दर सेलला २.८५, ३.१५ आणि ३.३ व्होल्ट असे तीन पर्याय असतात: कमी, मध्यम, जास्त. मध्यमवर तीन सेलच्या पॅकला मर्यादा येते ९.४५ व्होल्ट. बहुतेकांना हीच योग्य.

पण सेल किती आहेत हे ईएससी ठरवतो कसं? एकूण व्होल्टेज बघून. गोची इथेच आहे. चार सेलचा पॅक एकदा उडवून झालाय, सेल ३.१ वर आलेत, आणि तुम्ही भरायला विसरलात. जोडल्यावर ईएससीला दिसतात १२.४ व्होल्ट. तीन सेलचा पूर्ण भरलेला पॅक असतो १२.६ चा. ईएससी म्हणतो, तीन सेल, जवळजवळ भरलेले, छान! आता तो मोटर बंद करणार ९.४५ व्होल्टला, आणि त्याला भागिले चार केलं तर दर सेल २.३६. पॅक मेला. माझा एक चांगला पॅक मी याच घाईत घालवलाय. चुलीवर दूध ठेवून फोनवर बोलत राहावं तसं. म्हणून बॅटरी जोडल्यावर सेलचे बीप मोजायचेच. पॅक चारचा आणि शिट्ट्या तीन, तर तिथल्या तिथे बॅटरी काढायची. भरलेला पॅक जोडण्याची सवय असेल तर ही वेळच येत नाही.

दुसरा खड्डा बॅटरीच्या प्रकाराचा. मेनूत लिपो आणि निकेल-मेटल हायड्राइड असे दोन पर्याय असतात. चुकून दुसरा निवडला गेला तर ईएससी सेल मोजतच नाही. जोडताना जो व्होल्टेज होता त्याच्या ५० टक्क्यांवर तो थांबतो, आणि तेही मध्यम सेटिंगला. १२.६ च्या अर्धे ६.३, म्हणजे सेलमागे २.१ व्होल्ट. भाच्याने बदललेल्या दोन सेटिंग्जपैकी एक हीच होती, असा मला दाट संशय आहे, कारण बॅटरी जोडल्यावर सेलचे बीप काही जुळेनात.

बंद कसं करायचं यात दोन पर्याय: हळूहळू जोर कमी करणं किंवा एकदम तोडणं. विमानाला हळूहळूच ठेवा. वळणावर असताना मोटर एकदम गप्प झाली तर नवशिक्याचं विमान नाक खाली घालतं. जोर कमी होतोय असं जाणवलं तर काडी खाली घेऊन उतरायला या. पुन्हा पूर्ण वर ढकलू नका. मोटर थांबवण्यामागे आणखी एक हेतू असतो, बॅटरीत सर्व्होंपुरती, म्हणजे विमान वळवणाऱ्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींपुरती, वीज उरावी हा. मोटर नसताना विमान तरंगत उतरवता येतं, सर्व्हो मेले की नाही.

तरी मर्यादेच्या भरवशावर उडू नये असंच मी म्हणेन. ती शेवटची भिंत आहे. जोराने प्रवाह ओढला की व्होल्टेज तेवढ्यापुरता दबतो, त्यामुळे जुन्या पॅकवर ईएससी उगाच लवकर घाबरतो. नाशिकला जानेवारीच्या पहाटे थंडगार पॅक लावून बघा: थंडीत बॅटरीचा आतला रोध वाढतो आणि दुपारी नीट चालणारा पॅक पहिल्या चढाईतच मान टाकतो. आम्ही पॅक जॅकेटच्या आतल्या खिशात घेऊन जातो. आणि उड्डाणाची वेळ हिशेबाने ठरवतो. २,२०० मिलिॲम्पिअर-अवरच्या पॅकमधून ८० टक्के वापरायचे, म्हणजे १,७६०. सरासरी १२ ॲम्पिअर ओढत असाल तर ८.८ मिनिटं. रिमोटचा टायमर सातवर लावा.

ब्रेक

एक प्रयोग करा. मोटर ईएससीपासून सोडवा आणि पाते नसलेला दांडा हाताने फिरवा, सहज फिरेल. आता तिच्या तिन्ही वायरींची टोकं एकमेकांना टेकवून धरा आणि पुन्हा फिरवा. मोटर गूळ घातल्यासारखी जड होते. फिरवल्यावर ती जनरेटर बनते, आणि तयार झालेली वीज तिच्याच वेटोळ्यांत घुमून तिला अडवते. ईएससीचा ब्रेक म्हणजे हेच, फक्त टोकं टेकवायचं काम मॉस्फेट करतात.

ग्लायडरला मिटणारा पंखा असतो. मोटर बंद केल्यावर तो वाऱ्याने फिरतच राहिला तर पाती मिटत नाहीत, आणि गरगरणारी चकती विमानाला मागे ओढते. तिथे ब्रेक चालू हवाच. साध्या पंख्याच्या शिकाऊ विमानात ब्रेक बंद ठेवावा असं माझं मत. उतरताना त्या फिरत्या पंख्याची ओढ नवशिक्याला उपयोगीच पडते, विमान धावपट्टीवरून तरंगत पुढे निघून जात नाही. शिवाय प्रत्येक वेळी जोरात ब्रेक लागला की पंख्याचा नट सैल व्हायची भीती.

मोटर सुरू होण्याच्या प्रकाराबद्दल एकच वाक्य: विमानाला 'नॉर्मल', बाकीचे सावकाश प्रकार हेलिकॉप्टरसाठी.

टायमिंग

लहानपणी दोघी दोरी फिरवायच्या आणि तिसरीने मधे शिरायचं. दोरी जमिनीला टेकली हे बघून निघालं तर उशीरच होतो. ती वरून खाली यायला लागताच पाऊल उचलावं लागतं. दोरी जितकी वेगात, तितकं आधी.

वेटोळ्याचंही तसंच. स्विच चालू केला म्हणून त्यात प्रवाह लगेच पूर्ण भरत नाही, त्याला जरा वेळ लागतो. म्हणून ईएससी योग्य क्षणाच्या थोडं आधी स्विच टाकतो. किती आधी, ते टायमिंग, आणि ते अंशांत मोजतात: स्कायवॉकरवर कमी म्हणजे ३.७५, मध्यम १५ आणि जास्त २६.२५ अंश.

मोटरचे दोन घराणे. ज्यांचं बाहेरचं कवच स्थिर आणि आतला दांडा चुंबकासकट फिरतो त्या इनरनर. त्यांत चुंबकाचे ध्रुव अनेकदा दोनच, त्यांना कमी टायमिंग पुरतं. ज्यांचं बाहेरचं भांडंच चुंबकांसकट फिरतं त्या आउटरनर. आज बहुतेक विमानांत याच असतात. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रत्येक विमानात दिसणारी ती २२१२ मापाची १००० केव्हीची मोटर आउटरनरच, चौदा चुंबकांची. हिला मध्यम टायमिंग द्या. मूळ सेटिंग पुष्कळदा कमीवर असतं आणि त्यावरही ती बहुतेक वेळा चालते, म्हणून कुणी लक्ष देत नाही. मग एक दिवस मोठा पंखा लावून काडी झटकन वर नेली की मोटर कर्कश किंचाळते, अडखळते, थांबते. ईएससीचा ताल चुकला. चुंबक कुठे आहे याचा त्याचा अंदाज आणि खरी जागा यांचं जमेना. अशा वेळी मोटरला दोष देण्याआधी टायमिंग एक पायरी वाढवून बघा.

पण 'जास्त' हे जास्त चांगलं असं समजू नका. टायमिंग वाढवलं की फेऱ्या थोड्या वाढतात आणि प्रवाह त्याहून जास्त वाढतो. वॅटमीटर लावून आधीचे आणि नंतरचे ॲम्पिअर लिहून ठेवा, मिनिटभर चालवून मोटरला हात लावून बघा. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर परत खाली या. मोटर उलटी फिरत असेल तर मात्र कुठल्याही सेटिंगला हात लावायची गरज नाही. तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा.

मेनूत नसलेल्या दोन गोष्टी

ईएससीतच एक छोटी वीजवाटप सोय असते, तिला बीईसी म्हणतात. बॅटरीचा व्होल्टेज ५ वर आणून ती रिसिव्हर आणि सर्व्हो चालवते. स्वस्त ईएससीत ती लिनिअर प्रकारची असते, म्हणजे उरलेला व्होल्टेज ती नुसता तापून उडवते. तीन सेलच्या भरल्या पॅकवर सर्व्होंनी १ ॲम्पिअर घेतला तर कामाला येतात ५ वॉट आणि उष्णतेत जातात ७.६. चार सेलवर हाच तोटा ११.८ वॉट. त्याच ईएससीवर तीन सेलला चार सर्व्हो चालतात आणि चार सेलला तीनच, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं ते यामुळे. जास्त सर्व्हो असतील तर स्विचिंग बीईसीचा ईएससी घ्या. आणि दोन ईएससी एकाच रिसिव्हरला जोडताना लिनिअर असो वा स्विचिंग, एकाची बारीक लाल वायर कनेक्टरमधून काढून टेप लावून ठेवा, दोन बीईसी एकमेकींशी भांडायला नकोत.

दुसरी गोष्ट ॲम्पिअरची. ईएससीवर छापलेला ३० किंवा ४० हा आकडा त्याला भरपूर वारा लागतोय असं धरून दिलेला असतो. पंखा ९ इंचाचा काढून १० चा लावला आणि फेऱ्या तेवढ्याच ठेवायच्या म्हटल्या, तर लागणारी शक्ती दीडपट होते. ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. त्यामुळे वॅटमीटरवर २४ दिसले तर ३० चा ईएससी ठीक, २९ दिसले तर नाही. स्कायवॉकर साधारण ११० अंश सेल्सिअसला पोचला की स्वतःहून जोर कमी करतो, पण तिथवर जाऊच नये. फोममध्ये खाच करून त्यात ईएससी दाबून बसवणारे मी पुष्कळ पाहिलेत. हवेला आत यायला भोक आणि बाहेर जायला त्याहून मोठं भोक हवं. आणि वायर कमी पडली तर मोटरकडच्या तीन वायरी लांबवा, बॅटरीकडच्या दोन नको. लांब बॅटरी-वायरमुळे स्विचिंगच्या वेळी व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ईएससीतले कपॅसिटर ते सोसत-सोसत मरतात.

ड्रोनसाठीचे ईएससी स्वस्त मिळतात म्हणून विमानात घालणाऱ्यांसाठी इशारा: जुन्या सायमन-के सॉफ्टवेअरच्या ईएससीत कमी व्होल्टेजला थांबण्याची सोयच नाही. ड्रोन अर्ध्यात थांबला तर दगडासारखा पडेल, म्हणून ते ड्रोनला बरोबर आहे. विमानाला नाही. तसा ईएससी वापरायचाच असेल तर बॅटरीच्या बॅलन्स कनेक्टरला, म्हणजे एकेका सेलचा व्होल्टेज बघायच्या छोट्या कनेक्टरला, व्होल्टेज उतरला की ओरडणारा आठ-दहा ग्रॅमचा भोंगा लावा.

सगळं झाल्यावर, पंखा लावण्याआधी, एक शेवटची तपासणी. मोटर हळू चालू ठेवा आणि रिमोट बंद करा. मोटर दोन-तीन सेकंदांत थांबली पाहिजे. थांबली नाही तर रिसिव्हरचं फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर काय करायचं ते सेटिंग, चुकलंय. संपर्क तुटल्यावर तो ईएससीला शेवटचाच संदेश पुन्हा पुन्हा पाठवतोय, आणि ईएससीला वाटतंय की मालक अजून बोलतोय. रिसिव्हर पुन्हा बाइंड करताना, म्हणजे रिमोटशी त्याची जोडी जमवताना, काडी तळाला ठेवा आणि परत तपासा.

भाच्याच्या विमानात ही तपासणी पहिल्यांदा फसली, दुसऱ्यांदा जमली. मग त्याने ईएससीवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि बॉलपेनने बारीक अक्षरात लिहिलं: ब्रेक बंद, लिपो, हळू, मध्यम, नॉर्मल, १५ अंश. खाली तारीख टाकली. रिमोट मित्राला परत केला तेव्हा चॅनेल पुन्हा उलटं करून ठेवायला मात्र विसरला, आणि दोन दिवसांनी मित्राचा फोन आला की त्याचं विमान गातंय.